दोन दिवसांची मुदत : ‘हाराकिरी’ हा सिनेमा इतका संथ का आहे?

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर ‘हाराकिरी’ हा शब्द वरचेवर भेटतो. वरच्या फळीतले तिघे आडवेतिडवे फटके मारून तंबूत परतले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला : ‘फलंदाजांची हाराकिरी’. शब्दात ‘हार’ आयतीच बसलेली असल्यामुळे तो परका वाटत नाही. राजकारणाच्या बातम्यांतही तो चालतो. एखाद्या पक्षानं हातातली जागा घालवली की हाराकिरी. म्हणजे आपल्याकडे या शब्दाचा अर्थ झाला, मूर्खपणानं स्वतःचं नुकसान करून घेणं. जपानात एके काळी तो सन्मानाचा मृत्यू होता, आणि हा सन्मान सामुराईचा, म्हणजे सरदारांच्या पदरच्या लढवय्यांचा होता. शेतकऱ्याला किंवा वाण्याला असं मरायची सोय नव्हती.

मासाकी कोबायाशी यांच्या १९६२ सालच्या सिनेमाचं नाव हेच आहे. जपानमध्ये तो ‘सेप्पुकु’ म्हणून लागला, बाहेर ‘हाराकिरी’ म्हणून. दोन्ही शब्द त्याच दोन चित्राक्षरांचे, एक पोट आणि एक कापणं. क्रम उलटा केला आणि उच्चार चिनी वळणाचा ठेवला की सेप्पुकु होतं; बोलीतलं वळण ठेवलं की हाराकिरी. आपल्याकडे ‘पोटदुखी’ आणि ‘उदरशूळ’ यांत जो फरक, साधारण तोच.

सिनेमा १३३ मिनिटांचा, कृष्णधवल. सामुराईचा सिनेमा म्हणून तलवारबाजी बघायला बसलात, तर तलवारीला तलवार भिडते ती पार शेवटच्या अर्ध्या तासात. तोवर माणसं बसलेली असतात. बसून बोलतात, ऐकतात, गप्प राहतात. मी पहिल्यांदा तो लॅपटॉपवर लावला आणि वीसेक मिनिटांनी वेग दीडपट केला, हे आता सांगायला लाज वाटते. कारण या सिनेमाचा विषयच मुळी वेळ हा आहे. कुणाला वेळ मिळतो, कुणाला नाकारला जातो आणि कोण तो हिसकावून घेतो. ते कसं, हे सांगायचं तर गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागेल. आधी सिनेमा पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

काळ १६३० सालचा. शहर एदो, म्हणजे आजचं तोक्यो. इई नावाच्या बड्या सरदार घराण्याच्या वाड्यावर एक मध्यमवयीन, कळकट कपड्यांतला सामुराई येतो. नाव त्सुगुमो हान्शिरो. त्याचं म्हणणं एवढंच : माझ्या धन्याचं घराणं बुडालं, मला चाकरी नाही, हे लाचारीचं जिणं नको झालंय, तुमच्या अंगणात सन्मानानं पोट चिरून मरायची परवानगी द्या.

वाड्याचे कारभारी साइतो कागेयु यांना ही विनंती नवी नाही. गावात असे बेकार सामुराई ढिगानं झालेत, आणि त्यांच्यात एक शक्कल पसरली आहे. मध्यंतरी एक जण अशीच विनंती घेऊन दुसऱ्या एका सरदाराच्या दारात गेला. त्याची निष्ठा बघून त्या घराण्यानं त्याला चाकरीतच घेतलं. ती बातमी फुटली मात्र, जो तो ‘पोट चिरतो’ म्हणत वाड्यांच्या दारात उभा राहू लागला. चाकरी नाही तर नाही, थोडे पैसे देऊन तरी बोळवण होईल, ही आशा. साइतो हान्शिरोला सांगतो, काही महिन्यांपूर्वी तुझ्याच जुन्या घराण्यातला एक पोरगा आमच्याकडे असाच आला होता, चिजिइवा मोतोमे नावाचा. त्याचं काय झालं ते ऐकतोस?

हान्शिरो म्हणतो, ऐकतो.

इथे थोडं थांबून ही माणसं बेकार कशी झाली ते पाहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

सामुराईला पगार तांदळात मिळे. माप होतं कोकु. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, अंदाजे दीडशे किलो तांदूळ. एका माणसाचं वर्षभराचं खाणं असा ढोबळ हिशोब. सरदाराची ऐपतही कोकुतच मोजत. सामुराई चाकर सरदाराचा, सरदार बांधील शोगुनाला, म्हणजे देशाचा कारभार हाती असलेल्या लष्करी प्रमुखाला. आपल्याकडे वतन गेलं तरी वतनदाराच्या हाती थोडीफार जमीन किंवा गावातला मान उरे. सामुराईचं तसं नव्हतं. सरदाराचं घराणं बुडालं की त्याच्या पदरचे शेकडो, कधी हजारो लोक एका दिवसात उघडे पडत. अशा बिनधन्याच्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणत. शब्दाची फोड केली तर ‘लाटांवरचा माणूस’.

तोकुगावा इएयासु यांनी १६०० साली सेकिगाहाराची लढाई जिंकली, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला घेतला, आणि देशातली मोठी युद्धं संपली. शांतता आली, पण नव्या राजवटीला सरदारांची भीती वाटत होती. म्हणून १६१५ मध्येच नियम झाला की परवानगीशिवाय किल्ल्याची डागडुजीसुद्धा करायची नाही. हिरोशिमाचे सरदार फुकुशिमा मासानोरी त्यात सापडले. गडी सेकिगाहाराला तोकुगावांच्याच बाजूनं लढला होता. बक्षीस म्हणून जवळपास पाच लाख कोकुंचा मुलूख मिळाला होता. पुरानं पडझड झालेला किल्ला रीतसर परवानगी हातात पडण्याआधी दुरुस्त केला, एवढं निमित्त पुरलं. १६१९ मध्ये मुलूख गेला, आणि दूर डोंगराळ भागात ४५,००० कोकुंवर त्यांना बसवलं गेलं. पाच लाखांवरून पंचेचाळीस हजारांवर आलेला माणूस जुने चाकर कुठून पोसणार?

सिनेमातला हान्शिरो याच फुकुशिमांच्या पदरचा आहे. पात्र काल्पनिक, पण त्याच्या पायाखालची जमीन खरी. १६५१ मध्ये अशाच रोनिन मंडळींनी एदोत उठावाचा कट रचला, तो फसला, आणि त्यानंतरच शोगुनशाहीनं घराणी बुडवण्याचे नियम जरा सैल केले. सिनेमातला १६३० चा उन्हाळा त्या स्फोटाच्या वीस-एकवीस वर्षं आधीचा.

आता मोतोमेकडे.

पोरगा कोवळा, अदबशीर. इईंच्या माणसांत कडव्या मताचा एक तलवारबाज आहे, ओमोदाका हिकोकुरो. तो साइतोला पटवतो की याला पैसे दिले तर उद्या रांग लागेल. एकदा धडा घालून दिला की पुन्हा कुणी यायचं नाव काढणार नाही. हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सोसायटीच्या सभेत, संस्थेच्या कचेरीत, ‘एकाला सवलत दिली की दहा येतील’ हे वाक्य कुणी ऐकलं नसेल असं नाही. त्यात क्रौर्य ऐकू येत नाही, कारभार ऐकू येतो. साइतो राक्षस नाही. तो चांगला कारभारी आहे, आणि मला तरी हीच या सिनेमातली सर्वांत भीतीदायक गोष्ट वाटते.

मोतोमेला आंघोळ घालतात, नवे कपडे देतात. त्याला वाटतं, काम झालं. मग त्याच्यापुढे मरणाची पांढरी वस्त्रं येतात. तो हादरतो आणि एकच विनंती करतो : मला एक-दोन दिवसांची मुदत द्या, मी नक्की परत येईन. ही मुदत नाकारली जाते. खोटारडा, पळून जाईल, असं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्याच्या तलवारी त्यांनी तपासलेल्या असतात. म्यानात पोलाद नाही, बांबूची पाती आहेत.

बांबूच्या अशा पात्याला जपानीत ‘ताकेमित्सु’ म्हणतात. गंमत म्हणजे सिनेमाचे संगीतकार तोरु ताकेमित्सु. आडनावाची चित्राक्षरं वेगळी आहेत, निव्वळ योगायोग. पण सिनेमात त्यांनी बिवा या जुन्या तंतुवाद्याचा जो कोरडा, तुटक आवाज वापरलाय, तो ऐकताना बांबूची काडी मोडल्यासारखं वाटतं खरं.

सामुराईच्या कमरेला दोन तलवारी असत, एक लांब, एक आखूड. आपल्याकडे तलवार म्हणजे शस्त्र. तिथे ती शस्त्र होतीच, शिवाय ओळखपत्रही होती. ‘तलवार हा सामुराईचा आत्मा’ हे वाक्य त्या समाजात सुभाषितासारखं फिरे. आत्मा विकून कमरेला बांबू अडकवून फिरणारा माणूस म्हणजे निर्लज्जपणाचा कळस, असा इईंचा निवाडा. आणि मग ते ठरवतात की सामुराईनं पोट स्वतःच्याच तलवारीनं चिरायचं असतं, तेव्हा यानं याच बांबूनं चिरावं.

त्या प्रसंगाआधी सेप्पुकुचा रिवाज माहीत असायला हवा. मरणारा पांढऱ्या वस्त्रांत गुडघे मोडून बसतो. समोर लाकडी चौरंगीवर आखूड पातं ठेवलेलं असतं. तो ते डावीकडून उजवीकडे पोटात ओढतो. मागे एक जण नंगी तलवार घेऊन उभा असतो, त्याला ‘काइशाकु’ म्हणतात. यातना लांबू नयेत म्हणून एका घावात मान उडवणं हे त्याचं काम, आणि ते दयेचं काम मानलं जाई. पुढे पुढे तर हा सगळा उपचारच उरला. चौरंगीवर पात्याऐवजी पंखा ठेवायचा, मरणाऱ्यानं त्याकडे हात नेला की मागच्यानं घाव घालायचा. सिनेमातही साइतो म्हणतो की आजकाल हे सगळं नावापुरतंच राहिलंय. आज मात्र जुन्या रीतीनं होईल. आणि काइशाकु म्हणून उभा राहिलेला ओमोदाका सांगतो, पूर्ण चिरल्याशिवाय मी मानेला हात लावणार नाही.

मग कॅमेरा मोतोमेच्या हातांवर येतो. बांबू पोटात शिरत नाही. तो दोन्ही हातांनी जोर लावतो, पात्यावर अंगाचा भार टाकतो. चेहऱ्यावर घाम. आजूबाजूला ओळीनं बसलेली माणसं, एकाचीही मांडी हलत नाही. ओमोदाका वरून ओरडतो, अजून, अजून ओढ. दयेसाठी नेमलेला माणूस दया रोखून धरतो, आणि सगळं नियमांत बसतं. शेवटी मोतोमे स्वतःची जीभ चावतो. मानेवर घाव पडतो तो त्यानंतर.

हा प्रसंग सिनेमाच्या पहिल्या भागातच येतो, आणि तो साइतोच्या तोंडून येतो. त्यामुळे प्रेक्षकही नकळत साइतोच्या शेजारी जाऊन बसतो. शिक्षा फार झाली असं वाटतं, पण पोरगा लबाड होता हेही आपण मनात मान्य करून टाकतो. हाशिमोतोंनी हा सापळा मुद्दाम लावलाय. पटकथाकार शिनोबु हाशिमोतो. एकच घटना वेगवेगळ्या तोंडांतून सांगितली की तिचं रूप कसं बदलतं, हे जगाला दाखवून देणाऱ्या ‘राशोमोन’ या सिनेमाच्या लेखनातही ते होते. मूळ कथा यासुहिको ताकिगुची यांची.

हे सगळं ऐकूनही हान्शिरो अंगणात मरायला तयार होतो. तो मधोमध, पांढऱ्या कापडावर बसतो. त्याला फक्त एक सवलत हवी असते : काइशाकु माझ्या पसंतीचा असावा. रिवाजात ते बसतं. ओमोदाका हिकोकुरो यांना बोलवा. निरोप्या जातो, परत येतो. ओमोदाका आजारी, आज आले नाहीत. बरं, मग याझाकी हायातो. पुन्हा निरोप्या. तेही आजारी. मग कावाबे उमेनोसुके. तेही.

सिनेमा संथ वाटतो तो नेमका इथे, आणि इथेच त्याचं इंजिन आहे. निरोप्या गेला की परत येईपर्यंत कुणी काही करू शकत नाही. हान्शिरोला असं रिकामं ठेवणं बरं दिसत नाही, आणि तो म्हणतो, तोवर माझी कहाणी सांगू का? नाही कसं म्हणणार? मरणाऱ्या सामुराईचं ऐकून घेणं हा शिष्टाचार. ज्या शिष्टाचाराच्या धाकानं त्यांनी मोतोमेला मारलं, त्याच शिष्टाचारानं हान्शिरो सगळ्या वाड्याला मांडी घालून बसवतो. मोतोमेला एक-दोन दिवस मिळाले नाहीत. हान्शिरो तास तास घेतो. त्यातला प्रत्येक क्षण प्रेक्षकाला मोजावा लागावा, हीच कोबायाशींची इच्छा आहे. वेग दीडपट केला की ती मोजणीच बिघडते.

योशिओ मियाजिमा यांच्या कॅमेऱ्यानं हे अंगण बुद्धिबळाच्या पटासारखं टिपलंय. भिंतींच्या, खांबांच्या, सरकत्या दारांच्या सरळ रेषा. रेषांमध्ये ठरलेल्या जागी बसलेली माणसं. कोण किती उंचीवर बसतो यावरून त्याचा दर्जा कळतो. साइतो वर, ओसरीवर. हान्शिरो खाली, वाळूत. नंतर पुन्हा पाहताना एक खेळ करून पाहा : कोण कुणाकडे वर बघतो आणि कोण खाली, एवढंच बघा, संवाद सोडून द्या. गोष्ट तरीही कळते.

हान्शिरोची कहाणी साधी, घरगुती आहे. घराणं बुडालं तेव्हा त्याचा जिवलग मित्र जिन्नाई यानं पोट चिरलं आणि जाताना आपला मुलगा याच्या पदरात टाकला. हान्शिरोला स्वतःची एक मुलगी होती, मिहो. दोन्ही पोरांना घेऊन तो एदोच्या एका खोपटात राहिला. छत्र्या करून विकल्या. मित्राचा मुलगा मोठा झाला, शेजारच्या पोरांना अक्षरं शिकवू लागला. दोघांचं लग्न झालं, किंगो नावाचं बाळ झालं. त्या काही प्रसंगांत हा सिनेमा एकदम मऊ होतो. आजोबा नातवाला खेळवतो तेव्हा बिवाही जरा दमानं वाजतं.

त्या मुलाचं नाव मोतोमे.

मिहोला क्षय झाला. मग बाळाला ताप भरला. वैद्याला द्यायला पैसे नव्हते. मोतोमे म्हणाला, एक मार्ग आहे, संध्याकाळपर्यंत येतो. तो आला नाही. रात्री इईंची तीन माणसं प्रेत घेऊन आली, ओमोदाका, याझाकी आणि कावाबे. बांबूची पाती दाखवून हसली आणि गेली. बाळ वाचलं नाही. काही दिवसांनी मिहोही गेली.

आणि मग हान्शिरोला कळतं की जावयानं तलवारी केव्हाच, बायकोच्या औषधासाठी विकल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या तलवारी मात्र कमरेलाच होत्या. लेक खोकत होती, नातू फणफणला होता, आणि या माणसाच्या मनातही आलं नव्हतं की हे पोलाद विकून औषध आणता येईल. हान्शिरो झालेल्या नाकादाईंचा तो प्रसंग पाहायलाच हवा. प्रेतापाशी बसून तो स्वतःच्या तलवारीकडे असा बघतो, जणू ती त्याला आत्ता पहिल्यांदा दिसली. ‘सामुराईचा आत्मा’ हे सुभाषित त्या नजरेतच संपतं. कुणी भाषण करत नाही.

तात्सुया नाकादाई तेव्हा २९ वर्षांचे होते. पडद्यावर ते आजोबा आहेत. त्यांची मुलगी झालेल्या शिमा इवाशिता त्यांच्याहून जेमतेम आठ-नऊ वर्षांनी लहान. हे माहीत नसेल तर लक्षातही येत नाही. सगळं वय आवाजात आहे, खर्जातला, घासून काढलेला.

हान्शिरो साइतोला म्हणतो ते थोडक्यात असं : पोराचं वागणं चुकलंच. पण एवढी माणसं जमली होती, मरायला निघालेला माणूस एक-दोन दिवसांची मुदत का मागतोय, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही? साइतोकडे याला उत्तर नाही. नियमात तसा प्रश्न नव्हता.

यानंतर हान्शिरो किमोनोतून तीन शेंड्या काढून वाळूत टाकतो. सामुराईच्या डोक्यावरची बांधलेली गाठ म्हणजे त्याची इज्जत. लढताना ती कापून घ्यावी लागणं हे मरणाहून वाईट, तिथे पोट चिरणंच भाग. तिन्ही आजारी वीरांच्या शेंड्या आहेत त्या. त्यानं एकेकाला गाठून, जीव न घेता, गाठ उतरवून घेतली होती. आणि हान्शिरोच्या समजुतीप्रमाणे ते तिघे पोट चिरण्याऐवजी घरी बसले होते, केस वाढायची वाट बघत. मोतोमेला मुदत नाकारणाऱ्यांनी स्वतःसाठी मात्र मुदत काढून घेतली होती.

ओमोदाकाशी झालेली लढत आपल्याला मागे जाऊन दाखवली जाते. उंच गवत, सोसाट्याचा वारा, दोन माणसं. ओमोदाका तालमीतला उस्ताद. हान्शिरो खऱ्या लढाईतून आलेला. हान्शिरो जे सुनावतो त्याचा अर्थ, हे कोरड्यावर पोहायला शिकणं झालं. या प्रसंगात खऱ्या तलवारी वापरल्या होत्या, असं नाकादाईंनी नंतर मुलाखतींत सांगितलंय. दोघं इतके जपून, अंतर राखून का हलतात याचं तेही एक कारण असावं.

जपानी प्रेक्षकाच्या डोक्यात सामुराईच्या निष्ठेची एक गोष्ट घट्ट बसलेली असते, ४७ रोनिनची. धन्याला सेप्पुकु करावं लागलं, म्हणून त्याच्या चाकरांनी दीड-दोन वर्षं वाट पाहून सूड घेतला आणि १७०३ मध्ये स्वतःही पोट चिरलं. नाटकं, बाहुल्यांचे खेळ, सिनेमे, सगळीकडे ती गाजली. त्यात निष्ठा खालून वर जाते, चाकराकडून धन्याकडे. कोबायाशी विचारतात, वरून खाली काय येतं? त्यांच्या सिनेमात सूड घेतला जातो तो धन्यासाठी नव्हे, जावयासाठी, एका शिकवण्या घेणाऱ्या गरीब पोरासाठी.

आणि ‘सामुराईची प्राचीन आचारसंहिता’ म्हणून जे आज जगभर विकलं जातं, तेही जरा तपासून घ्यावं. त्यातला बराच मजकूर लढाया संपल्यानंतरच्या शांततेत, तलवार क्वचितच उपसावी लागलेल्या माणसांनी लिहिला. परदेशी वाचकांना या संहितेसाठीचा ‘बुशिदो’ हा शब्द माहीत झाला तो मुख्यतः इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे. तोवर सामुराई हा वर्गच रद्द होऊन एक पिढी उलटली होती.

कोबायाशींना हे सगळं पुस्तकातून कळलं नव्हतं. १९४२ मध्ये त्यांना सैन्यात भरती केलं, मांचुरियात पाठवलं. वरचा हुद्दा घ्यायला त्यांनी नकार दिला आणि साधा शिपाईच राहिले. तो त्यांचा निषेध होता. युद्धाच्या शेवटी ते ओकिनावात युद्धकैदी होते. सम्राटासाठी, सन्मानासाठी मरा, हे शब्द त्यांच्या पिढीनं ध्वनिक्षेपकांवर ऐकले होते. ‘हाराकिरी’च्या आधीची तीन वर्षं ते नाकादाईंना घेऊन त्या युद्धावरच नऊ तासांहून लांबीची चित्रत्रयी करत होते. तेव्हा १६३० चा वाडा दाखवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणत्या बराकी होत्या, हे वेगळं सांगायला नको. १९६३ मध्ये कान महोत्सवात सिनेमाला परीक्षकांचा खास पुरस्कार मिळाला.

वाड्यात आत, एका दालनात, इई पूर्वजाचं चिलखत मांडून ठेवलेलं आहे. शिरस्त्राण, मुखवटा, छातीचं कवच. आत माणूस नाही. सिनेमाची सुरुवात त्याच्यावरच होते. इईंची चिलखतं लाल, त्यासाठीच हे घराणं प्रसिद्ध होतं. कृष्णधवल पडद्यावर तो रंग आपल्याला दिसत नाही. या लाल रंगाचा इतिहास मात्र मजेशीर आहे. १५८२ मध्ये ताकेदा हे मोठं घराणं बुडालं, तेव्हा त्यांचे बिनधन्याचे लढवय्ये इएयासुंनी इई नाओमासांच्या हाताखाली दिले. लाल चिलखतांची रीत ताकेदांकडची, ती त्यांच्याबरोबर आली. म्हणजे इईंचा दरारा ज्या फौजेवर उभा राहिला, तिच्यात एके काळचे बेवारस सामुराईच होते. त्याच घराण्याच्या दारात सिनेमातला मोतोमे उभा असतो.

शेवटच्या हातघाईत हान्शिरो चौघांना मारतो, आठांना जखमी करतो, आणि लढत लढत त्या दालनात पोचतो. चिलखत उचलतो, आपटतो. रिकामं कवच जमिनीवर विखुरतं. समोर बंदुका घेतलेले शिपाई उभे राहतात. तो तलवार पोटात खुपसतो आणि त्याच क्षणी बार होतात. तलवारीच्या इज्जतीचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या घराण्याला एका म्हाताऱ्यापुढे बंदूक काढावी लागली.

बाहेर हे चाललेलं असताना साइतो आतल्या खोलीत एकटा बसलेला असतो. रेंतारो मिकुनी यांनी हा माणूस फार संयमानं उभा केलाय. त्या प्रसंगात ते फक्त ऐकतात. नंतर त्यांना खबर मिळते की ओमोदाकानं आदल्याच दिवशी पोट चिरलं. बाकीच्या दोघांनाही चिरायला लावा, असा हुकूम सुटतो. आणि मेलेल्या सगळ्यांची नोंद? आजारानं वारले. इईंच्या पदरची माणसं एका भणंग रोनिनच्या हातून मेली, हे कागदावर येता कामा नये.

सुरुवातीला चिलखताच्या जोडीला एक वहीही येते. इई घराण्याची रोजनिशी, १६३० सालच्या पाचव्या महिन्याची तेरावी तारीख, शांत आवाजातलं वाचन. शेवटीही तोच आवाज, तीच वही. मधले सव्वादोन तास आपण जे पाहिलं त्यातलं जवळजवळ काहीच तिच्यात नाही. जे आहे त्यातून घराण्याची शान राखली गेल्याचं दिसतं. मराठी वाचकाला हे विशेष टोचावं. बखरीवर विसंबू नका, अस्सल समकालीन कागद बघा, हे आपण राजवाड्यांच्या काळापासून घोकत आलोय, आणि ते बरोबरच आहे. पण ही वही अस्सल आहे, समकालीन आहे, त्याच दिवशी त्याच वाड्यात लिहिलेली आहे.

चिलखत पुन्हा जोडून, पुसून जागेवर बसवलं जातं. नोकर अंगण धुतात, वाळू सारखी करतात. त्यातल्या एकाला जमिनीवर पडलेली एक शेंडी सापडते. तो ती उचलतो आणि हातातल्या बादलीत टाकतो.